खोली क्रमांक अठ्ठावीस, चालू स्थितीत

१०
कालिंदी खोलीत आहे.

२०
सकाळी सहाला दार सताड उघडायचं. उंबऱ्यावर रांगोळीची दोन बोटं ओढायची. गॅलरीतल्या दोरीवर काहीतरी ओलं टाकायचं. धुवायला कपडे नसले तर टॉवेल भिजवून टाकायचा. कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त होऊ द्यायच्या. जिना चढून येणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे माणूस राहतं.

३०
संध्याकाळी आठला ठाण्याहून धाकट्या भावाचा, उन्मेषचा, व्हिडिओ कॉल.

"ताई, जरा फोन फिरव."

ती फोन फिरवते. पलंग, फ्रिज, देव्हारा, ओट्यावर दुधाचं पातेलं, भिंतीवर बाबा. उन्मेष स्क्रीनशॉट काढतो आणि तारीख घालून फोल्डरमध्ये ठेवतो. पुरावा म्हणून.

"जेवलीस?"

"आता जेवेन."

"बरं. दार लवकर लावू नकोस."

४०
पुन्हा २० वर.

२५
हे आधीच सांगायला हवं होतं. गिरगावातली ही चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. ज्याची खोली त्याला नवं घर, चारशे पाच फुटांचं. मात्र यादीत नाव हवं. अठ्ठावीस नंबरची भाडेपावती अजून रमाकांत सबनीस या नावाने निघते. रमाकांत म्हणजे बाबा. त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली. पावतीवरचं नाव बदलायचं सगळ्यांच्या डोक्यात होतं. पण दर महिन्याला त्यांच्या नावाचा एक कागद घरात येतो, तेवढा येऊ दे, असं आई म्हणायची, आणि आई गेल्यावर उन्मेष म्हणायला लागला.

पहिला सर्व्हे झाला तेव्हा उन्मेषच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं. कालिंदी महिनाभर ठाण्याला गेलेली. सर्व्हेवाल्यांना दाराला कुलूप दिसलं. शेरा पडला: भाडेकरू मयत, खोली बंद.

फेरसर्व्हेचा अर्ज मंजूर झाला, तारीख मात्र मिळाली नाही. "कधीही येऊ. राहणारं माणूस आत सापडलं पाहिजे," एवढंच. कालिंदी अठ्ठावन्न वर्षांची, लग्न न केलेली, अंधेरीचा कारखाना बंद पडल्यापासून घरीच. दुसरं कोण बसणार?

त्याला एकोणीस महिने झाले.

२७
आणि हेही सांगायला हवं होतं. अंधेरीच्या कारखान्यात बावीस वर्षं कालिंदीच्या शेजारच्या स्टुलावर शांता बसायची. दोघी सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करायच्या, दिवसाला दोनशे बोर्ड. शांताने आता देवरुखला घर बांधलंय. त्यातली एक खोली कालिंदीची, हे त्या दोघींचं कारखान्यात असतानाच ठरलेलं.

"दसऱ्यापर्यंत वाट बघते," शांता फोनवर म्हणाली. "मग शाळेतल्या नव्या बाईंना देते. दोनदा विचारून गेल्या बिचाऱ्या. एकटीला हे घर खायला उठतं गं मला. आणि तू आपली दर वेळेला पुढच्या महिन्यात."

५०
जूनमध्ये समोरच्या सत्तावीसमधला अजित खोली खाली करून गेला. जाताना म्हणाला, "कालिंदीताई, माळ्यावर एक खोका आहे. काकाने पंच्याऐंशी साली मस्कतहून आणलेला कॉम्प्युटर. तुम्हाला यातलं कळतं ना? घ्या, नाहीतर भंगारवाला घेईल."

खोक्यात वहीएवढं काळं यंत्र होतं. रबरी बटणं, बोटाला चिकटणारी. उघडलं तर आत झुरळांची अंडी आणि तांब्यावर हिरवी बुरशी. अडॅप्टर नाही, पडदा नाही. घरातल्या टीव्हीला जोडून चालवायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे, असं ते यंत्र.

सोबत पुस्तिका होती. यंत्राला सांगायच्या प्रत्येक ओळीला नंबर द्या, पुस्तिका म्हणत होती. दहा-दहाचं अंतर ठेवा, म्हणजे राहून गेलेलं नंतर मध्ये घालता येतं.

कालिंदीने ते वाक्य दोनदा वाचलं. मग ओट्यावरची भांडी एका बाजूला सारली आणि ट्रंकेतून सोल्डरिंग आयर्न काढला. राळेचा वास खोलीत पसरला तेव्हा तिला एकदम भूक लागली, कारखान्यात साडेबाराला लागायची तशी.

६०
खोली एकतीस रिकामी झाली. तिथल्या नूपुरच्या सिंथेसायझरचा अडॅप्टर मिळाला, नऊ व्होल्टचा. पिन बसली. प्लस-मायनस उलटसुलट आहे का ते मीटरने तीनदा तपासलं.

खोली पंचवीस. मोठ्ठा डबा टीव्ही. तो बंद होता, म्हणून चोवीसमधला दुसरा आणला, तोही बंद होता, म्हणून दोघांचा मिळून एक केला. त्याचं मागचं झाकण बसेना.

खोली तेहतीसमधून रेडिओ. त्यातला ट्रान्झिस्टर.

तळमजल्यावर कधीकाळी दौलतशेठचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. जिन्याखालच्या अंधारात त्या गेमचा एक बोर्ड उभा करून ठेवलेला, त्यावर ओळीने चिपा. तो बोर्ड कुणाचाच नव्हता.

प्रत्येक भागाला कालिंदीने दोऱ्याने चिठ्ठी बांधली. कारखान्यात तसंच करायचे: कुठून आला, कधी आला, तपासणीत काय निघालं. "खोली ३१. १२ जून. ओके." "खोली २४. पिक्चर ट्यूब चांगली, बाकी बाद." चिठ्ठी नसलेला भाग बाकावर ठेवला तर सुपरवायझर तो उचलून डब्यात टाकायचा. तिला बावीस वर्षांत एकदाही ओरडा बसला नव्हता.

६५
हिशोब असा बसत गेला की एक बिऱ्हाड गेलं की एक भाग मिळायचा आणि दारावरची एक नजर कमी व्हायची.

कारण बाहेर जायचं तर कुणीतरी दाराकडे बघायला हवं. "जरा लक्ष ठेवा, लॅमिंग्टन रोडवरून पाच रुपयांचे कपॅसिटर घेऊन येते." सर्व्हेवाले आले तर "इथेच गेल्यात, बोलावते" म्हणणारं कुणी हवं. आधी आठ बिऱ्हाडं होती. मग पाच. गणपतीच्या आधी एकच उरलं: शेजारच्या एकोणतीसमधल्या अंबिकाकाकू.

७०
अंबिकाकाकू बाहत्तर वर्षांच्या, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या, तोंडात मिस्री.

"काय गो, तुला काय अंडी उबवायला बसवलंय तुझ्या भावाने?"

"काकू, अर्ध्या तासात येते."

"अर्धा म्हणजे अर्धा. मागच्या वेळी पाऊण झाला. माझी मालिका चुकली."

"मोबाइलवर बघा ना."

"मोबाइलवर माणसं मुंगीएवढी दिसतात. त्यातली सासू कुठली नि सून कुठली?" मग मान आत घालून, "आज काय चिकटवलंस?"

"कीबोर्डची पट्टी. मोडली होती टोकाला. तेवढं कापून परत खोचली."

"चालू झाल्यावर काय करणार तो?"

"काय माहीत. आधी चालू तर होऊ दे."

"म्हणजे तुला पण माहीत नाही." काकू गॅलरीबाहेर थुंकल्या. "माझा टेप घेऊन जा. भजनं ऐकायची होती तेव्हा ऐकली. आता पोरगा म्हणतो, विरारला एवढं सामान नको."

कालिंदी थांबली. "काकू, तुम्ही कधी निघताय?"

"गौरी गेल्या की."

७५
गौरी गेल्या. खोली एकोणतीस. टेपरेकॉर्डर. हेड साफ केलं, बेल्ट बदलला. ओके.

७६
आता संडासला जायचं म्हणजे गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, चाळीस पावलं, आणि दाराकडे बघायला कुणी नाही. कालिंदीने पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिलं: "आत्ता येते. पाच मिनिटं थांबा." पुठ्ठा कडीला अडकवायचा आणि पळायचं. आंघोळ दार उघडं ठेवून मोरीत, पडदा लावून, कान जिन्याकडे ठेवून. भाजी फोनवर मागवायची. पंचवीस मिनिटांच्या अंतरावर समुद्र होता. तो तिने फेब्रुवारीनंतर पाहिला नव्हता.

सगळ्या खोल्यांची दारं काढून नेलेली. गॅलरीतून वारा आला की चौकटींमधून आत शिरायचा आणि तिच्या खोलीपर्यंत येऊन परत जायचा. पलीकडच्या भिंतींवर कुणाकुणाची कॅलेंडरं राहिली होती. ती फडफडली की तिला वाटायचं कुणीतरी वर येतंय, आणि ती आयर्न बाजूला ठेवून दारात जाऊन उभी राहायची.

८०
यंत्र जिवंत होत होतं, पण वेड्यासारखं. टीव्हीवर रंगीत चौकोन, खवल्यांसारखे, सगळा पडदा भरून. म्हणजे आठ मेमरी चिपांपैकी एखादी गेलेली. कुठली?

तिने पुस्तिकेत काही शोधलं नाही. यंत्र चालू ठेवलं आणि मधल्या बोटाची मागची बाजू एकेका चिपेला लावत गेली. बोटाच्या पुढच्या बाजूला घट्टे पडलेले असतात, तिला गरम-थंड कळत नाही. मागची कातडी खोटं बोलत नाही, असं शांता नव्या मुलींना शिकवायची. पहिली कोमट. दुसरी कोमट. तिसरी चटका देणारी.

तिसरीचे पाय कापून काढले. जागी सॉकेट. सॉकेटमध्ये गेमच्या बोर्डवरची चिप. चौकोन गेले, दोन उभ्या रेघा राहिल्या. पाचवी चिप गरम नव्हती, पण तिच्या पाठीवर दुसरी चांगली चिप नुसती दाबून धरली तेव्हा एक रेघ गेली. मग पाचवी बदलली. मग सातवी.

पडदा काळा झाला आणि मग पांढरा. अगदी तळाला एक ओळ आली: कंपनीचं नाव आणि १९८२.

तिने इकडेतिकडे पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. शांताला फोन लावला, रेंज नव्हती देवरुखला.

तिने पुस्तिकेतली पहिली दोन ओळींची आज्ञा घातली. १०: माझं नाव छाप. २०: परत १० वर जा. पडदा वरपासून खालपर्यंत कालिंदी कालिंदी कालिंदी इंग्रजी अक्षरांत भरला आणि थांबला. खाली प्रश्न आला: स्क्रोल? म्हणजे, जागा संपली, पुढे सरकू का?

तिने बटण दाबलं. पुन्हा भरला. पुन्हा विचारलं.

९०
नवरात्राची दुसरी माळ. सकाळी अकरा. ती गॅलरीच्या टोकाला होती. परत आली तर दारात एक तिशीतला माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. तो कडीवरच्या पुठ्ठ्याचा फोटो काढत होता.

"या, या! मी इथेच आहे. मी राहते इथे."

"धम्मपाल. फेरसर्व्हे." त्याने चपला काढल्या. तेवढ्यानेच तिला बरं वाटलं. "पाणी मिळेल का मॅडम? तीन जिने चढून आलो."

ती पाणी आणायला वळली तेव्हा तो ओट्याजवळ गेला. पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो चिठ्ठ्या वाचत होता.

"खोली एकतीस, ओके. खोली चोवीस, बाद. खोली एकोणतीस, बेल्ट बदलला." तो वर बघून हसला. "चांगला जम बसलाय की. किती वर्षं करताय रिपेरिंग?"

"रिपेरिंग नाही हो. हा माझा आहे. म्हणजे, छंद."

"दोन टीव्हींचे पार्ट, टेप, रेडिओ. बाहेर बोर्ड, पाच मिनिटं थांबा."

"तो संडासला जाताना लावते!"

धम्मपाल ओशाळला. पण टॅब खाली गेला नाही. "मॅडम, माझ्यावर रागावू नका. यात दोनच रकाने आहेत. राहता वापर, व्यावसायिक वापर. छंदाचा रकाना नाही. आणि फोटो सरळ वर जातात, लोकेशनसकट. उद्या कुणी म्हटलं की मी पैसे खाऊन दुकानाचं घर केलं, तर? तुम्ही हरकत घ्या ना. सात दिवस आहेत. शेजारच्या दोघांच्या सह्या, तुमचं प्रतिज्ञापत्र, मग सुनावणी."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत राहता वापर दाखवायचा तर राहावं लागेल. मधे कुणीही येऊन बघू शकतं."

"आणि हरकत नाही घेतली तर?"

"मग दुकान म्हणून नाव लागेल. आहे तेवढ्याच जागेचा गाळा मिळेल, एकशे ऐंशी फूट. घर नाही."

तो चपला घालत होता. कालिंदी त्याच्या मागे दारापर्यंत आली.

"दुकान बंद ठेवलं तर?"

"काय?"

"दुकान बंद असलं, कुणी बसलेलं नसलं, तर नाव काढता?"

"दुकानाचं हो?" त्याला प्रश्नाची गंमत वाटली. "दुकान बंद असणारच की कधी. माल आत असला की झालं. तीन महिन्यांनी एकदा येऊन उघडून दाखवायचं, आम्ही फोटो काढतो. घराचं तसं नसतं."

१००
शनिवारी उन्मेष आला. दोन गोण्या आणि टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन.

"सही कर. इथे आणि मागे. 'सदर खोलीत मी कायम राहते, कोणताही धंदा करत नाही.' अंबिकाकाकूंकडे मी आत्ता विरारला जातो. अजितला फोन झालाय. आणि हे सगळं गोणीत भर, आजच्या आज."

"सुनावणी कधी?"

"तीन महिने. सहा धर. तोपर्यंत फक्त तू..."

"तोपर्यंत तू बस."

"मी?"

"नाहीतर अर्णवला बसव."

"अर्णवचं शेवटचं वर्ष आहे ताई. मला ऑफिस आहे."

"मला देवरुख आहे."

"देवरुख काय पळून चाललंय?"

"हो. दसऱ्याला."

तो हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. पलंगावर बसला. "चारशे पाचचे एकशे ऐंशी होतील, कळतंय का? तेही दुकान. आपण इथे जन्मलो. बाबांची खोली दुकान म्हणून लिहिली जाणार. बाबांना काय वाटेल?"

"मग बाबांना सांग बसायला."

बाहेर मंडळाच्या लाउडस्पीकरची चाचणी चालली होती, हॅलो हॅलो, एक दोन.

"माझा वाटा तुला लिहून देते," कालिंदी म्हणाली. "गाळा पूर्ण तुझा. भाड्याने दे, वीक, काय हवं ते कर. पण मी सही करणार नाही."

उन्मेष उठला. गोणीचं तोंड उघडून तो टीव्हीकडे गेला.

"हात लावू नकोस! मागचं झाकण नाहीये. बंद असला तरी आत करंट राहतो, फेकून देईल तुला."

त्याने हात मागे घेतला. दोन्ही हात मागे बांधून तो तसाच उभा राहिला, लहानपणी काचेच्या भांड्यांच्या दुकानात आई उभं करायची तसा. मग तोंड वळवून म्हणाला, "चालतो हा?"

तिने चालू केला. पडदा पांढरा झाला. त्याने खालची ओळ वाचली. "ब्याऐंशी. मी आठवीत होतो." बोट पुढे करून एक रबरी बटण दाबलं. पडद्यावर एकदम पूर्ण शब्दच उमटला.

"मी एकच अक्षर दाबलं."

"एका बटणाला एक आज्ञा. तसंच आहे ते."

तो अजून थोडा वेळ दाबत राहिला. मग त्याने प्रतिज्ञापत्र खिशात घातलं नाही. ओट्यावर ठेवलं, त्यावर पेन. "सोमवार पाचपर्यंत आहे. मी विरारला जाऊन येतो. सह्या आणून ठेवतो. पुढचं तुझ्यावर." दारात म्हणाला, "ताई, मी तुला मुद्दाम नाही ठेवलं इथे."

"माहीत आहे."

गोण्या तो विसरून गेला.

११०
रविवारी तिने बॅग भरली. चार साड्या, चार ड्रेस, बीपीच्या गोळ्या, सोल्डरिंग आयर्न. यंत्र आईच्या जुन्या शालीत गुंडाळून मधोमध ठेवलं. शांताने त्याच्यासाठी खिडकीशी टेबल लावलं होतं, फोटोही पाठवला होता.

बॅगेची चेन लावताना तिच्या लक्षात आलं.

टीव्हीच्या आतड्यांना दुकान कोण म्हणणार? चालणारी एकच वस्तू होती. तीन महिन्यांनी कुणी येऊन उघडा म्हणालं तर बटण दाबल्यावर काहीतरी सुरू व्हायला हवं. नाहीतर ही पुन्हा एक बंद खोली, मयत माणसाच्या नावाची, आणि उन्मेषच्या हातात गाळासुद्धा नाही.

तिने चेन उघडली. शाल सोडली. यंत्र ओट्यावर ठेवलं, अडॅप्टर लावला, टीव्हीची वायर लावली. चालू करून पाहिलं. चालत होतं. दुसरी चिप जरा गरम वाटली. तिची बदली चिप तिच्याकडे होती, पण ती बसवायला दोन तास गेले असते आणि तिला त्या दोन तासांची भीती वाटली. आज दुसरी चिप, उद्या कीबोर्ड, परवा आणखी काही. तिने यंत्र बंद केलं.

१२०
सोमवार. विरारहून सह्या झालेला कागद उन्मेषने फोनवर फोटो काढून पाठवला. अंबिकाकाकूंची सही वाकडीतिकडी, पण ठसठशीत. खाली उन्मेषने लिहिलं होतं: तीन वाजेपर्यंत सांग, मी ऑफिसातून निघून येतो.

तीन वाजले. कालिंदी पलंगावर बसून होती. पेन ओट्यावर होतं, चार पावलांवर. अठ्ठावन्न वर्षांत घरातल्या कुठल्या कागदावर तिने सही नाकारली होती असं तिला आठवेना. बाबांच्या ऑपरेशनला तिनेच केली, आईच्या वेळी तिनेच, उन्मेषच्या कर्जाला जामीन तीच. हात सवयीने उठेल असं तिला वाटत होतं, म्हणून तिने दोन्ही हात मांडीखाली घातले.

चार. साडेचार.

पाचला तिने उन्मेषला लिहिलं: नाही केली. किल्ली वाण्याकडे ठेवते.

त्याचं उत्तर आलं नाही. तिने वाचलेल्याची निळी खूण बघितली आणि फोन उलटा ठेवला.

१३०
शांताचा फोन साडेपाचला लागला.

"निघतेस? खरंच निघतेस? मला खोटं सांगू नकोस हं कालिंदी, मी त्या बाईंना नाही म्हणून बसलेय."

"रात्रीची एसटी आहे. सकाळी पोचते."

"स्टँडवर येते मी. आणि ते तुझं यंत्र नीट गुंडाळ, घाटात आदळतं."

"ते येत नाहीये."

"म्हणजे? एवढं सगळं करून?"

"त्याला इथे थांबावं लागेल."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, मग शांता कुत्र्याला हाड् हाड् करत होती. मग परत फोनवर आली.

"मग टेबलाचं काय करू? खिडकीशी ठेवलंय, वाटेत येतं."

"राहू दे."

"रिकामं कशाला? मी त्यावर शिवणाचं मशीन ठेवते."

"ठेव," कालिंदी म्हणाली.